‘ती कायमची लहान मुलंच असतात’ : एका मेसेजला उत्तर

एक मेसेज गेल्या वर्षभरात मला सात-आठ जणांनी पाठवला. पाठवणारे सगळे आपुलकीचे लोक, आणि म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं असं वाटलं. मेसेजचा सारांश असा : “मतिमंद माणसं म्हणजे देवाची निष्पाप लेकरं. शरीर वाढतं, पण मन पाच वर्षांचंच राहतं. त्यांना बाहेरच्या जगात लोटू नका, चांगल्या संस्थेत ठेवा, तिथेच ती सुरक्षित असतात. निर्णय घेणं आणि काम करणं त्यांना झेपत नाही. हक्कांच्या गप्पा मारणाऱ्यांना घरातले हाल ठाऊक नसतात.”

माझ्या धाकट्या भावाला बौद्धिक अक्षमता आहे. तो आता ३८ वर्षांचा आहे. घरातले हाल मला ठाऊक आहेत.

“मन पाच वर्षांचंच राहतं.”

ही कल्पना आली कुठून, ते आधी पाहू. फ्रान्समध्ये आल्फ्रेद बिने यांनी १९०५ साली एक चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जादा मदत द्यावी, एवढाच तिचा हेतू होता. पुढे त्यातून ‘मानसिक वय’ हा आकडा रूढ झाला आणि मदतीसाठी काढलेला आकडा माणसाच्या कपाळावर कायमचा चिकटला. ठरावीक प्रश्नांपैकी किती सुटले, एवढंच तो आकडा सांगतो. त्या माणसाने किती वर्षं काढली, कोणाकोणाला गमावलं, काय काय पचवलं, हे त्यात येत नाही. आमचे वडील गेले तेव्हा शेवटचे दोन महिने त्यांच्या उशाशी सर्वांत जास्त बसला तो माझा भाऊ. औषधाची वेळ त्याने एकदाही चुकवली नाही. हे पाच वर्षांचं मूल करत नाही.

आज या क्षेत्रातले जाणकारही निव्वळ बुद्ध्यांकावर थांबत नाहीत. रोजच्या व्यवहारात काय जमतं आणि त्यासाठी किती आधार लागतो, हे पाहतात. अमेरिकेतल्या या विषयाच्या मुख्य व्यावसायिक संघटनेने १९९२ मध्येच ‘सौम्य, मध्यम, तीव्र’ ही उतरंड सोडून ‘आधार किती लागेल’ यावर वर्गीकरण नेलं. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे प्रश्न माणसात काय कमी आहे यावरून आपण काय पुरवतो आहोत यावर येतो.

‘लेकरू’ म्हणण्यात वरवर माया दिसते, पण त्याची किंमत तीच माणसं मोजतात. लेकराला शरीराची, स्पर्शाची, लैंगिकतेची माहिती कोणी देत नाही. मग कोणी गैरफायदा घेतला, तर काय घडलं हे सांगायला त्यांच्याकडे शब्दच नसतात. चाळिशीच्या माणसाला ‘विशेष मूल’ म्हणण्याची आपली सवयही याच खात्यात जमा होते. मीही कित्येक वर्षं तेच म्हणत होते.

“संस्थेत ती सुरक्षित असतात.”

न्यूयॉर्कच्या विलोब्रूक या सरकारी संस्थेत ४,००० जणांची सोय होती आणि १९६५ साली तिथे ६,०००हून जास्त लोक कोंबलेले होते. त्या वर्षी तिथले सिनेटर रॉबर्ट केनेडी ती पाहायला गेले आणि हादरून बाहेर आले. नव्याने दाखल होणाऱ्या काही मुलांना तिथे संशोधनासाठी मुद्दाम काविळीचा संसर्ग दिला जात होता. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर तिथली दृश्यं दिसली, मग खटला झाला, आणि ती बंद पडायला १९८७ उजाडलं. एवढी वर्षं हे चाललं, कारण आत बाहेरचं कोणी येत-जात नव्हतं. कुलूप जसं आतल्याला अडवतं, तसंच बाहेरून पाहणाऱ्यालाही. ज्याला दहा माणसं ओळखतात, तो दोन दिवस दिसला नाही तर कोणीतरी विचारतं. खरी राखण ही असते.

“सगळ्या संस्था तशा नसतात,” हे मला मान्य आहे. मनापासून राबणारी माणसं मी पाहिली आहेत. पण पेनसिल्व्हेनियातली पेनहर्स्ट ही संस्था न्यायालयीन लढाईनंतर रिकामी होत गेली, तेव्हा तिथल्या रहिवाशांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. वस्तीतल्या छोट्या घरांत राहायला गेलेल्या माणसांची स्वतःची कामं स्वतः करण्याची क्षमता वाढलेली दिसली. सुरुवातीला स्थलांतराला विरोध करणारे पालकही बहुतांशी समाधानी झाले.

इथे एक खबरदारी. लहान घर म्हणजे आपोआप मोकळं घर होत नाही. चारच जण राहतात, पण फ्रिजला कुलूप आणि आठ वाजता दिवे बंद, तर ती संस्थाच. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने २०१७ मध्ये अपंग हक्क कराराच्या कलम १९चा, म्हणजे समाजात स्वतंत्रपणे राहण्याच्या हक्काचा, अर्थ सांगताना हाच निकष लावला : इमारत केवढी आहे यापेक्षा, आपल्या दिवसावर त्या माणसाचा ताबा आहे की नाही ते पाहा.

“निर्णय झेपत नाहीत.”

एकट्याने सगळे निर्णय कोणाला झेपतात? घर घेताना आपण वकिलाला विचारतो, ऑपरेशनआधी चार जणांचा सल्ला घेतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००० सालापासून एक कायदा लागू आहे. त्यानुसार विश्वासातल्या माणसाला मदतनीस नेमताना, त्या व्यक्तीला आवड-नावड व्यक्त करता येते का आणि दोघांच्या नात्यात विश्वास आहे का, हे विचारात घेतलं जातं. आयर्लंडनेही आपला जुना कायदा मोडीत काढून २०२३ पासून साहाय्याने निर्णय घेण्याची व्यवस्था सुरू केली. सोपी भाषा, चित्रं, पुरेसा वेळ, आधी करून पाहण्याची मुभा : मदत म्हणजे बहुतेक वेळा एवढंच. भावाला “कुठला दवाखाना हवा?” विचारलं तर तो गप्प बसतो. दोन्ही ठिकाणी नेऊन आणलं की लगेच सांगतो.

“काम जमत नाही.”

यावर थोडक्यात. १९७०च्या दशकात मार्क गोल्ड या अमेरिकन शिक्षकाने, ज्यांना काहीच शिकवता येणार नाही असं मानलं जाई अशा माणसांना पंधरा सुट्या भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. कामाचे बारीक टप्पे पाडायचे, तोंडाने कमी आणि हाताने जास्त दाखवायचं, नाही जमलं तर शिकवण्याची रीत बदलायची. अपयश शिकवणाऱ्याच्या नावावर मांडायचं, हा त्यातला मला सर्वांत पटलेला भाग.

मेसेजमध्ये न लिहिलेली एक गोष्ट त्यात गृहीत आहे : या माणसांबद्दल बोलायचं ते आपणच. १९७० साली स्वीडनमधल्या माल्मो इथे बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रतिनिधींची परिषद भरली. आमच्याविषयी डॉक्टर-शिक्षक चर्चा करतात तेव्हा आम्हाला तिथे बसू द्या, अशी त्यांची एक मागणी होती. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये ‘पीपल फर्स्ट’ ही चळवळ उभी राहिली. आम्ही आधी माणसं आहोत, हे तिच्या नावातच आहे. न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन दीड वर्षाचे असताना संस्थेत टाकले गेले. मोठेपणी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराच्या मसुद्यावरच्या चर्चेत त्यांनी भाग घेतला आणि २०१६ मध्ये ते त्याच कराराच्या समितीवर निवडून आले. बौद्धिक अक्षमता असलेले ते पहिले सदस्य.

आता घरातले हाल. मेसेजमधला एवढा एक मुद्दा खरा आहे आणि तो मी टोलवणार नाही. संस्था बंद केल्या आणि बदल्यात काही दिलं नाही, तर सगळा भार आईच्या अंगावर येतो. माझ्या आईने वीस वर्षांत एकही लग्न शेवटपर्यंत बसून पाहिलं नाही. ‘आमच्यानंतर याचं कोण?’ हा प्रश्न तिच्यासारख्या प्रत्येकीच्या उशाला असतो. पण याचं उत्तर कुलूप नाही. तास-दोन तास येणारा मदतनीस, आईबापांना अधूनमधून विसावा देणारी सोय, कामाच्या जागी सोबत करणारा प्रशिक्षक, आणि सरकारने यासाठी नियमित ठेवलेला पैसा, हे मागायचं असतं. आणि ते हक्क म्हणूनच मागावं लागतं, कारण उपकार केव्हाही बंद होतात.

१९८९ मध्ये व्हॅंकुव्हरमध्ये काही पालक याच प्रश्नावर एकत्र आले आणि त्यांनी ‘प्लॅन’ ही संस्था काढली. प्रत्येक अपंग व्यक्तीभोवती, पगारासाठी न येणाऱ्या माणसांचं एक वर्तुळ आईबाप हयात असतानाच बांधायचं, ही त्यांची पद्धत. कॅनडात २००८ पासून सुरू असलेल्या अपंगांसाठीच्या खास बचत योजनेमागेही याच पालकांचा पाठपुरावा होता.

तीन वर्षांपूर्वी आम्ही भावासाठी असं वर्तुळ करायला घेतलं. आईने आणि मी सात नावं काढली आणि फोटो त्याच्यासमोर मांडले. त्याने पाच ठेवले, शेजारच्या एका तरुणाचं नाव स्वतःहून घातलं आणि आमच्या एका जवळच्या काकांचा फोटो बाजूला सरकवला. आई हिरमुसली. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “ते तुझ्याशी बोलतात. माझ्याशी नाही.”

आम्ही काकांना बोलावलं नाही.