मामा, ते रशिया-तुर्कांचं फॉरवर्ड एकदा तपासायचंस तरी

रशिया-तुर्कांवरचं ते फॉरवर्ड दोन ग्रुपवर बघून सोडून दिलं होतं, पण काल मामाने टाकलं, वर "वाचा आणि जागे व्हा". मामा तीस वर्षं इतिहास शिकवायचा हो, म्हणून राहवेना.

त्यातलं म्हणणं असं: रशियाने तुर्कांना बारा वेळा धूळ चारली, एकदाही हरला नाही, ते धर्मयुद्ध होतं म्हणून अख्खा ख्रिश्चन युरोप त्याच्यामागे होता, आणि 1878 ला हातात आलेलं इस्तंबूल दया म्हणून सोडलं.

एकदाही नाही? 1711 ला रशियाचा झार पीटर द ग्रेट प्रुत नदीकाठी असा घेरला गेला की 1696 ला तुर्कांकडून जिंकलेला अझोवचा किल्ला परत देऊन सुटका करून घ्यावी लागली.

पण डोकं फिरतं ते "अख्खा ख्रिश्चन युरोप" वाचून. अहो क्रिमियाच्या युद्धात, 1854 मध्ये, ब्रिटन आणि फ्रान्स तुर्की सुलतानाच्या बाजूने उतरले, मागून सार्डिनिया पण आलं, 1855 ला क्रिमियातलं रशियाचं सेवास्तोपोल बंदर पडलं आणि 1856 च्या पॅरिस तहात रशियाला काळ्या समुद्रात लढाऊ आरमार ठेवायलाच बंदी. धर्माचं निमित्त होतं, नाही असं नाही, पण भांडण काय तर बेथलेहेमच्या चर्चच्या किल्ल्या कॅथलिकांकडे की ऑर्थोडॉक्सांकडे! आणि त्याआधी 1833 ला सुलतानाचाच इजिप्तमधला बंडखोर सुभेदार मुहम्मद अली याचं सैन्य चालून आलं तेव्हा सुलतानाच्या मदतीला बॉस्फरसवर कोण उतरलं? रशियन सैन्य. बुडत्याला काडीचा आधार, त्यात काडीचा धर्म कोण विचारतो.

आपल्याकडचंच बघा ना. नानासाहेब पेशव्यांचा वकील अजीमुल्ला खान लंडनहून परतताना 1855 मध्ये मुद्दाम क्रिमियात गेला, इंग्रज आणि फ्रेंच दोघांना मारणारे हे रशियन "रुस्तुम" बघायचेत म्हणाला, हे लंडनच्या टाइम्सचा बातमीदार रसेल याने स्वतः लिहून ठेवलंय, तो त्याला तिकडे भेटला होता. म्हणजे पेशव्यांचा मुसलमान वकील, खलिफाशी (म्हणजे तुर्की सुलतानाशीच) लढणाऱ्या रशियनांवर खूश. बसवा आता हे धर्मयुद्धात.

बरं, एक मान्य. 1768 नंतर बहुतेक वेळा रशियाच वरचढ ठरला, 1774 चा तह आणि मग 1783 ला क्रिमिया गिळणं, हे खरंय. बारा आकड्यावरून भांडत नाही, मोजाल तसा बदलतो.

राहिली दया. 1877 ला बल्गेरियातल्या प्लेव्हनाला तुर्की सेनापती उस्मान पाशाने रशियनांना पाच महिने अडवून धरलं, रशियाला रोमानियाची मदत घ्यावी लागली, आणि शेवटी फौज इस्तंबूलच्या वेशीवर सान स्तेफानोला पोचली (जुनं अतातुर्क विमानतळ आहे ना, तिथेच) तोवर मार्मारा समुद्रात ब्रिटिश आरमार येऊन उभं. त्याला दया म्हणतात होय मामा?