शिमगा झाल्यावर जमीन बघा

सकाळी भाच्याने एक रील पाठवलं. ड्रोन, हिरवेगार डोंगर, मागे बासरी आणि एकाचा उत्साही आवाज : "शेतकरी दाखला नाही? टेन्शन नाही! कर्नाटकात या!" खाली भाच्याचा प्रश्न, मावशी, जमिनीसाठी कर्नाटकातलं खानापूर बघू की महाराष्ट्रातलं चंदगड? तिडीकच गेली डोक्यात.

आम्ही बेळगावचे. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र. दोन्हीकडे काजू तोच, तांबडी माती तीच, गवेही तेच. हत्ती तर दांडेलीकडून चंदगडात आले, कुणाला दाखला न दाखवता. बदलतो तो कागद. महाराष्ट्रात शेतकरी नसाल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, कूळकायद्याचं कलम ६३. कर्नाटकाने २०२० मध्ये आपल्या जमीन कायद्यातली अशीच अडवणारी कलमं, ७९-अ, ७९-ब, उडवूनच टाकली. झालं, बंगळूरच्या गाड्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या रस्त्याला.

त्याच रस्त्याला एका एजंटाने आम्हाला जागा दाखवली होती. श्रावण होता. ओढा असा खळाळत होता की नवऱ्याने तिथेच घराचं तोंड कुठे करायचं ते ठरवून टाकलं. बांधावर एक आजोबा म्हशी राखत होते. म्हणाले, "शिमगा झाला की या, मग पाण्याचं बोला." एजंट हसला. "म्हातारा आहे, काहीतरी बोलतो." आम्ही शिमगा झाल्यावर गेलो. ओढ्यात नुसते दगड. आजोबांची सून खालच्या झऱ्यावरून डोक्यावर घागर आणत होती.

एवढा पाऊस, पण जांभ्या दगडात टिकत नाही हो! मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई याच तालुक्यातली, आणि घागर सुनेच्या डोक्यावर. हे रीलमध्ये नसतं.

फायदे आहेत, नाही कशाला म्हणू? पंपाची वीज कर्नाटकात १० एचपीपर्यंत फुकट, महाराष्ट्रात साडेसातपर्यंत, तीही २०२४ पासून. आणि दाखल्याचं सोंग महाराष्ट्रातही पैसे टाकून होतं, ठाऊक आहे मला. पण त्या दाखल्यापायी निदान चार हेलपाटे पडतात, तेवढ्यात हौशी माणूस गळतो. मला ती अडचण हवीच आहे. शेतजमीन मोबाईलसारखी घ्यायची नसते.

आणि कर्नाटकातला जमिनीचा उतारा कन्नडमध्ये! भाच्याला कन्नडचं अक्षर वाचता येत नाही, म्हणजे एजंट सांगेल तेच खरं. सीमाभागातल्या माणसाला हे मी काय समजावू.

त्या आजोबांच्या शेजारची जमीन नंतर विकली गेली. घेणारा कोण, गावात कुणी पाहिलेला नाही. हिरवी जाळी, गेट, कॅमेरा. म्हशींची वाट बंद. तलाठ्याकडे गेले तर म्हणे कागदावर वाटच नाही. पिढ्यान्‌पिढ्या गुरं गेली ती कुठून गेली मग, हवेतून?

जाऊ दे. भाच्यावर राग नाही माझा. त्या पोराला ऑफिसातून सुटायचंय, चार झाडं लावायचीत, एक गाय हवीय. माझंही तेच होतं की.

तर बाळा, चंदगड. तेही होळीनंतर, सातबारा हातात घेऊन, आणि आधी शेजारच्या शेतात बसून चहा पिऊन. वाट कुठून जाते, विहिरीला मे महिन्यात किती पाणी राहतं, हत्ती कुठल्या बाजूने उतरतो, हे तलाठ्याआधी त्यांना विचार. मी येते सोबत. भाकऱ्या मी आणते, गाडी तू काढ.