आधी जागा द्या, मग गाडी उचला

काल रात्री सव्वाआठला डोंबिवलीला उतरले, पूर्वेच्या जिन्यावरून धक्के खात खाली आले, गल्लीत पोचले, तर स्कूटर जागेवर नाही. रस्त्यावर खडूने गाडीचा नंबर लिहिलेला आणि त्यातले शेवटचे दोन आकडे लोकांच्या पायांखाली पुसलेले. एवढाच निरोप.

म्हणाल, नो पार्किंगमध्ये लावली असेल. अहो, सकाळी सातला आधी पे अँड पार्कलाच गेले होते! तिथला मुलगा हात आडवा करून उभा. "फुल्ल आहे ताई, मागे घ्या." सकाळी सातला फुल्ल! महिन्याच्या पाससाठी तीन वर्षं खेटे घालतेय, दर वेळी "नवीन पास बंद आहेत" हे एकच उत्तर. मागच्या गाड्या हॉर्न मारून जीव काढतायत, सव्वासातची फास्ट चुकली की ऑफिसात लेट मार्क. म्हणून पलीकडच्या गल्लीत, वीसेक गाड्या होत्या त्या ओळीत, नीट सरळ लावली.

तर म्हणे त्या बाजूला विषम तारखेला लावायची नाही. काल १३ तारीख. तिथेच उभी राहून बोर्ड शोधला. सापडला. त्याच्यावर कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स सुतळीने आवळून बांधलाय. दादा दिसतात, खालचे सगळे शुभेच्छुक नावानिशी वाचता येतात, बोर्डाचा मात्र वरचा निळा कोपरा तेवढा बाहेर. सम कुठे नि विषम कुठे, कुणाच्या बापाला कळणार?

फोटो काढला, रिक्षा केली, गाड्या नेऊन टाकतात तिथे गेले. ५०० रुपये दंड, उचलून नेल्याचे वेगळे. डावा आरसा मुळापासून मोडलेला, स्टँड वाकडा. "हे आधीचंच असेल मॅडम." आधीचं? सकाळी त्याच आरशात बघून ओढणी बांधलीय मी! फ्लेक्सचा फोटो दाखवला, तर पावती फाडणाऱ्याने मान वर न करता सांगितलं, "बोर्ड बघून लावायची ना." रडू येत होतं, संतापाने. घरी पोचायला साडेदहा झाले. मुलगी वरणभात खाऊन झोपलेली.

दंड भरायला माझी ना नाही. पण आधी जागा द्या. मुंबईत २०१९ साली दुचाकीला ५ हजारांपासून दंड लावला, तोसुद्धा सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटरच्या आत. तो दंड मला पटला नव्हता, पण निदान शेजारी वाहनतळ तरी होता! इथे काय आहे?

२०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीत साडेबारा लाखांच्या आसपास माणसं होती. त्यानंतर टॉवर किती उठले ते बघतोच आहोत. त्यातली किती माणसं रोज सकाळी लोकल पकडतात! आमची गाडी बारा-तेरा तास उभी राहणार, हे काय आज कळलं? भाजी घ्यायला आलेल्याला दहा मिनिटं पुरतात, आम्हाला अख्खा दिवस लागतो. दोघांना एकाच गल्लीच्या कडेला झुंजायला लावलंय. दुचाकीला नियमाने जागा लागते किती? १ मीटर बाय २ मीटर. एका मोटारीच्या साडेबारा चौरस मीटरमध्ये सहा स्कूटर बसतात. आणि दुकानांसमोर सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या असतात कुणाच्या मोटारी? दुकानदारांच्याच. मोटार नसेल तर सिमेंट भरलेले टायर, साखळ्या, कुंड्या, आणि वर पाटी: "गाडी लावल्यास हवा काढली जाईल." रस्ता काय यांच्या सातबाऱ्यावर चढलाय?

स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत, असं उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. संध्याकाळी तिथून चालून दाखवा. बिल्डिंगच्या नकाशात स्टिल्ट पार्किंग, म्हणजे तळाला खांबांमध्ये गाड्यांसाठी मोकळी जागा, प्रत्यक्षात तिथे क्लास नाहीतर दवाखाना. त्यांना कोण उचलून नेतं?

विकास आराखड्यात वाहनतळाची आरक्षणं पडतात, म्हणजे जागा राखून ठेवतात, नकाशावर रंग भरले जातात. पण १९६६च्या नगररचना कायद्यातलं कलम १२७ काय म्हणतं? १० वर्षांत पालिकेने ती जागा घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यायची, त्यानंतरच्या मुदतीतही काही हाललं नाही तर आरक्षण जातं. मग तिथे इमारत उठते आणि तिच्यातली माणसंसुद्धा स्कूटर घेऊन स्टेशनला येतात. वीस वर्षांचा आराखडा करणाऱ्यांना स्टेशनच्या दोन्ही बाजूंना दुचाकींचा एकेक मोठा तळ राखता येत नाही? रेल्वेचा पास महिन्याचा मिळतो, तसा गाडीचाही द्या. हजार रुपये घ्या, मी देते. आजच देते.

"गाडी आणताच कशाला, बसने या," म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी माझ्या स्टॉपवर येऊन उभं राहावं. शेअर रिक्षाची रांग तर वळणाच्याही पलीकडे जाते.

आज स्कूटर गॅरेजला टाकून चालत आले, पंचवीस मिनिटं. येताना त्या गल्लीत वर बघितलं. फ्लेक्स तसाच आहे आणि त्याच्याखाली पुन्हा वीसेक गाड्या लागल्यात.