व्हेनम आणि सी विंगचे काका

ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत गणपतीत मुलांची वेशभूषा स्पर्धा असते. यंदा भाच्याने व्हेनम, म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधला तो काळा, लांब जिभेचा प्राणी, व्हायचं ठरवलं आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रण पेटलं. सी विंगच्या काकांनी लिहिलं, "माणसांची डोकी खाणारा राक्षस बाप्पासमोर? आपल्याकडे वाल्याचा वाल्मीकी आहे की!" त्याखाली सतरा जणांचे जोडलेले हात. मी इकडे कॅलिफोर्नियात, बार्टमध्ये (सॅन फ्रान्सिस्कोकडची लोकल) दांडा धरून उभा, फ्रीमाँट यायला अजून चार स्टेशनं, आणि डोकं तापलेलं.

काका, १९८८ मध्ये व्हेनम आला तो स्पायडरमॅनचा वैरी म्हणूनच, कबूल. पण १९९३ मध्ये त्याने स्पायडरमॅनशी तह केला, न्यूयॉर्क सोडलं आणि सॅन फ्रान्सिस्कोत जमिनीखाली राहणाऱ्या बेघरांचा राखणदार झाला. वाल्या अंगावर वारूळ चढेस्तोवर बसून राहिला. एवढी सवड कुणाला आहे? व्हेनमचे दात तेच, जीभ तीच, मध्येच एखाद्याला फाडतोसुद्धा. तरी साध्यासुध्या हिरोसारखं वागायची त्याची खटपट चालूच. २०१८ च्या सिनेमात, ज्याच्या अंगात तो राहतो तो एडी ब्रॉक त्याला बजावतो, खायची तर फक्त वाईट माणसं खायची. वाईट कोण, हे ठरवायचं कुणी? काकांनी एवढंच विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो. त्यांनी विचारलं नाही.

इथे हॅलोविनला पोरं कवट्या, रक्त, काय वाट्टेल ते घालून दारोदार फिरतात. कुणी मीटिंग बोलावत नाही. (आमच्या एचओएने, म्हणजे इथल्या सोसायटी कमिटीने, गेल्या दिवाळीत आकाशकंदिलावरून मला पत्र धाडलं होतं, पण तो विषय वेगळा.)

मी इथे रात्री दोन वाजता, रस्त्यावर कुत्रं नसतानाही, स्टॉप साइनला गाडी पूर्ण थांबवतो. डिसेंबरात ठाण्याला आलो आणि तिसऱ्याच दिवशी कापूरबावडीला रिक्षावाल्याला अशी शिवी हासडली की मागे बसलेली ताई म्हणाली, "आता खरा घरी आलास." मला बरं वाटलं, हे जास्त वाईट. एडी ब्रॉक मूळचा सॅन फ्रान्सिस्कोचाच. म्हणजे तो चांगलं वागायला आपल्या गावी परतला. माझं नेमकं उलटं.

हे सगळं ग्रुपसाठी टाइप केलं होतं, स्टेशन येईपर्यंत. पाठवलं नाही. आमचा फ्लॅट बाबा गेल्यावर, २०१९ मध्ये विकला. बी विंगमध्ये आता फक्त ताई राहते. ग्रुपमधून मला काढायचं तेवढं राहून गेलंय, आणि तोंड उघडलं तर कुणाच्या तरी लक्षात येईल. काकांच्या मेसेजखाली अठरावे हात मी जोडले.

भाच्याला मात्र व्हिडिओ कॉलवर सांगितलं, जिभेसाठी लाल सॅटिन घे, जांभळी नाक्याला मिळेल.

"मामा, ती कालच आली," तो म्हणाला. "अ‍ॅमेझॉनवरून."