सही करण्याआधी चौथं कलम वाचा

आज सकाळी एका नव्या लेखिकेने करारपत्राचा फोटो पाठवला. "दादा, पहिलंच पुस्तक आहे, उद्या सही करून टाकते. एकदा नजर टाकाल का?" टाकली, आणि तेव्हापासून डोकं तापलंय.

कलम चार : 'या कलाकृतीचे सर्व हक्क, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी.' बदल्यात एकरकमी मानधन. संपलं.

एका पुस्तकात किती हक्क असतात, मोजा. छापील आवृत्ती, ई-बुक, ऑडिओ, नाटक, चित्रपट, मालिका आणि प्रत्येक भाषेतला अनुवाद वेगळा. यातला एकेक हक्क स्वतंत्रपणे, ठरावीक मुदतीसाठी देता येतो. ज्यांना ऑडिओ काढायचाच नाही, त्यांना ऑडिओचे हक्क कशाला हवेत? लेखकाच्या धंद्याचं भांडवल तेवढंच असतं. आज लिहिलेलं दहा वर्षांनी पुन्हा पैसे देतं ते याच हक्कांमुळे, आणि तेच पहिल्या सहीत जातात!

छोट्या प्रकाशकाचा पैसा अडकतो, जोखीम त्याची असते, हे मान्य. मग रॉयल्टी, म्हणजे विकलेल्या प्रतीमागे लेखकाला मिळणारा वाटा, थोडी कमी घ्या. हक्क कायमचे देऊ नका.

रॉयल्टीतही टक्का कशावर, ते आधी विचारा. छापील किमतीवर १० टक्के आणि प्रकाशकाच्या निव्वळ वसुलीवर १० टक्के, यांत मोठी तफावत आहे. विक्रेत्यांना ५० टक्के सूट गेली, की दुसऱ्या हिशेबात छापील किमतीच्या ५ टक्केच हातात येतात. दर सहा महिन्यांनी किती छापल्या, किती विकल्या, किती परत आल्या याचा लेखी हिशेब मागा.

'पुस्तक बाजारात नसेल तर हक्क परत' एवढंच लिहिलेलं असेल तर फसाल. मागणीनुसार एकेक प्रत छापता येते, ई-बुक पडून राहतं, त्यामुळे कागदोपत्री पुस्तक कधी संपतच नाही. म्हणून आकडा घाला : सलग १२ महिन्यांत अमुक प्रतींपेक्षा कमी खप झाला, तर हक्क आपोआप लेखकाकडे.

हे सगळं तिला कळवलं. उत्तर आलं, "पण त्यांनी नकोच म्हटलं तर?" हे वाचून राग उतरला. पहिल्या पुस्तकाची ही भीती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. पण तिला कुणी हे आधी सांगितलंच नाही, कारण आपल्यात पैशाचं बोलणं हलकं समजतात. लेखकाने व्यवहार बघू नये म्हणणाऱ्यांनी तिचं किती नुकसान केलंय!

पुस्तकावर घर चालेपर्यंत गिऱ्हाइकांच्या मागणीनुसार लेखन करावंच लागतं. तिथे तासाचा दर काढताना हमखास चूक होते. आठवड्याला ४० तास, वर्षाला ४६ आठवडे, म्हणजे १,८४० तास. बरेच जण वर्षाचा खर्च या आकड्याने भागतात. पण बैठका, दुरुस्त्या, नवं काम शोधणं आणि थकलेल्या बिलांचा पाठपुरावा यांत सहज निम्मे तास जातात. भागायचं ९२० ने, आणि खर्चात कर धरून. अर्धे पैसे कामाआधी, दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, आणि हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच सुपूर्द. एकाच गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त कमाई येत असेल, तर आजपासूनच दुसरं शोधा.

वाचकांचे ईमेल पत्ते, त्यांच्या परवानगीने, स्वतःजवळ ठेवा. पेजचे फॉलोअर पेजवरच राहतात, खातं बंद पडलं की तेही गेले.

पुन्हा कलम चार. तिने सही थांबवलीय. उद्या पाठवायचा मजकूर आम्ही मिळून लिहिला, कुणाला हवा असेल तर उचला : 'लेखिका प्रकाशकास फक्त या भाषेतील छापील आवृत्तीचे हक्क पाच वर्षांसाठी देत आहे. इतर सर्व हक्क लेखिकेकडे राखीव आहेत.'