अपेंडिक्सच्या दुखण्यावर एरंडेल देऊ नका

‘अपेंडिक्स बिनकामाचं असतं. पेरू-टोमॅटोच्या बिया अडकून ते सुजतं. एरंडेल घेऊन पोट साफ करा, वरून शेका, ऑपरेशन टळेल.’ असा निरोप सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर घरोघरी फिरतोय. यातलं शेवटचं वाक्य जिवावर बेतू शकतं, म्हणून लिहितेय.

बियांचं आधी उरकते. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून काढलेली १,९६९ अपेंडिक्स तपासली. फळाची बी निघाली एकात. पेरू खुशाल खा.

खरी गोष्ट अशी आहे. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, बोटभर लांबीची, टोकाला बंद असलेली नळी. मळाचा खडा बसला किंवा आतल्या लसिका-पेशींचा (रोगाशी लढणाऱ्या पेशींचा) थर सुजला, की तिचं तोंड बुजतं. (पुष्कळदा कारण सापडतही नाही.) आतून चिकट स्राव मात्र पाझरतच राहतो. दाब वाढतो, शिरा दबतात, भिंतीचा रक्तपुरवठा तुटू लागतो. मग आतड्यात एरवी निमूट नांदणारे ई. कोलाय, बॅक्टेरॉइड्स असे जिवाणू त्या दुबळ्या भिंतीत शिरतात. बर्लिनच्या संशोधकांना २०११ मध्ये सुजलेल्या अपेंडिक्सच्या भिंतीत फ्युसोबॅक्टेरियम घुसलेले दिसले. हे जिवाणू आपल्या हिरड्यांतही असतात!

‘बिनकामाचं’ हे मत डार्विनचंही होतं, १८७१ सालचं. पण या नळीत रोगप्रतिकारक पेशी दाटीवाटीने असतात. जुलाबात आतडं धुऊन निघालं तरी चांगल्या जिवाणूंचं बियाणं इथे शिल्लक राहत असावं, असा तर्क ड्यूक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये मांडला. मला तो पटतो.

आता एरंडेल. ते आतड्याला जोरजोरात आकुंचन पावायला लावतं. तटतटलेल्या नळीवर हा मारा झाला, तर ती फुटायचा धोका वाढतो. माझ्या भाच्याला असंच पाजलं होतं. सकाळी बेंबीपाशी दुखत होतं, दुपारी उजवीकडे खाली सरकलं. रात्री तो एकदम शांत झाला आणि आम्ही म्हटलं, ‘उतारा पडला.’ अपेंडिक्स फुटलं होतं. फुटल्यावर दाब मोकळा होऊन थोडा वेळ बरं वाटतं आणि तोवर पू पोटभर पसरतो. पहाटे त्याचं पोट लाकडासारखं कडक झालं होतं. वेळेवर ऑपरेशन झालं, म्हणून वाचला.

ऑपरेशन कधीकधी टळतं, हे खरं आहे, पण ते अँटिबायोटिक्सने. फिनलंडमध्ये सीटी स्कॅन करून, गुंतागुंत नाही याची खात्री करून रुग्णांना ती दिली. तरीही पाच वर्षांत शंभरातल्या ३९ जणांना ऑपरेशन लागलंच.

म्हणून बेंबीपासून उजवीकडे सरकलेलं दुखणं, मळमळ, अन्नावरची वासना गेलेली, रिक्षा गतिरोधकावरून उडाली की कळ येतेय, असं असेल तर काही खायला-प्यायला न देता सर्जनकडे न्या. वाटेत दुखणं अचानक थांबलं तरी रिक्षा माघारी वळवू नका.