बॅग घेतली असतीस का?

सकाळी फ्रँक मिलरच्या 'सिन सिटी' या गुन्हेगारी कॉमिकचं एक पान इथे टाकलं, तर त्याखाली लगेच दोन कमेंट. पहिली : "असली रक्तरंजित कॉमिक्स वाचूनच माणसं बिघडतात." दुसरी एका गृहस्थांची, ज्यांच्या डीपीवरच त्यातला नायक मार्व्ह आहे : "मार्व्ह म्हणजे खरा मर्द!" राग खरं तर पहिलीचा यायला हवा. आला दुसरीचा.

अहो, तो मार्व्ह काय करतो ते वाचलंय ना? केव्हिनचे हातपाय कापतो आणि त्याला त्याच्याच लांडग्यासमोर टाकतो. केव्हिन बायकांना मारून खाणारा नराधम आहे, कबूल. म्हणून तर ते पान उलटताना आपल्याला बरं वाटतं! आणि त्या बरं वाटण्याची लाज वाटायच्या आत पुढचं पान येतं. फ्रँक मिलर तिथे आपल्याला पकडतो. तुम्ही मात्र पकडले जाऊनही टाळ्या वाजवताय.

माझ्या दादाची गोष्ट सांगते. त्याला मी 'हंड्रेड बुलेट्स' हे दुसरं गुन्हेगारी कॉमिक वाचायला दिलं होतं. अझारेल्लोचं लेखन, रिसोची चित्रं, 1999 ते 2009, बरोब्बर शंभर अंक. एजंट ग्रेव्हज नावाचा सुटाबुटातला म्हातारा कुणा गांजलेल्या माणसापुढे बॅग ठेवतो. आत पिस्तूल, शंभर गोळ्या आणि तुझं आयुष्य कुणी नासवलं त्याचा पुरावा. या गोळ्या सापडल्या की तपास थांबतो. मारायचं की नाही, ते तू ठरव. पहिल्याच गोष्टीत तुरुंगातून सुटलेल्या डिझीला कळतं की तिचा नवरा आणि बाळ पोलिसांनीच मारलंय.

मी सहज विचारलं, "दादा, तू घेतली असतीस का रे बॅग?" आमचा दादा म्हणजे कुणावर आवाज न चढवणारा माणूस. त्याने पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं, "घेतली असती." आणि एक नाव घेतलं. बाबांना धंद्यात बुडवणाऱ्या माणसाचं. आमच्या घरात ते नाव कुणी घेत नाही.

बिघडला का तो कॉमिक वाचून? ते नाव त्याच्या आत होतंच की! फक्त तोवर कुणी विचारलं नव्हतं.

बंदी घालणाऱ्यांना हेच कधी उमगत नाही. एप्रिल 1954 मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात का हे तपासणाऱ्या सिनेटच्या उपसमितीपुढे ईसी कॉमिक्सचे प्रकाशक बिल गेन्स यांना त्यांचंच एक मुखपृष्ठ दाखवलं. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं कापलेलं डोकं. हे अभिरुचीला धरून आहे का? गेन्स म्हणाले, भयकथेच्या मुखपृष्ठासाठी, हो. डोकं आणखी वर धरून मानेतून गळणारं रक्त दाखवलं असतं तर नसतं. लोक अजून हसतात या उत्तराला. त्याच वर्षी कॉमिक्स कोड आला, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेले नियम, आणि ते पाळणाऱ्या अंकांच्या मुखपृष्ठावर मंजुरीचा शिक्का : गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, दर वेळी सत्याचाच विजय व्हायला हवा. म्हणजे मारामारी चालेल, पण कुणाच्या बाजूने उभं राहायचं ते आम्ही आधी सांगणार. 2011 पर्यंत या ना त्या रूपात तो शिक्का चालला.

डीपीवाल्यांनो, तुम्हालाही हेच हवंय. तुम्हाला बाजू आधीच ठरलेली हवी, फक्त ती मार्व्हची. वाईट माणसाला मारणारा तो चांगला, एवढा सोपा हिशेब. हा हिशेब सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये मिळतो. तिथे इमारती कोसळतात आणि कुणाच्या कपाळावर साधा ओरखडा येत नाही. मला ती हिंसा जास्त घाण वाटते.

बरं, मान्य करते : सिन सिटीतल्या बायका बहुतेक वेश्या नाहीतर नर्तकी, आणि मरायला पहिल्या. ते मला दर वेळी खुपतं. आणि हे सगळं लहान मुलांच्या हातात द्यायचं नाही, एवढं आपल्या लोकांना सांगायला नको.

पण कॉमिकमध्ये एका चौकटीत बंदूक रोखलेली असते आणि पुढच्या चौकटीत भिंतीवर डाग. मधला चाप कुणी ओढला? चित्रकाराने तर काढलेलाच नाही. तो आपण ओढतो, आपल्या वेगाने. सिनेमात निदान दोष पडद्यावर ढकलता येतो.

दादा पुढे वाचत गेला. खोट्या आरोपाने आयुष्यातून उठलेला बारमन बॅग घेऊन सूड उगवायला जातो आणि स्वतःच मरतो, तिथे तो भडकला. "मग बॅगेचा उपयोग काय?" म्हणून पुस्तक मिटलं. शांत माणूस, पण खरंच चिडला होता. मला तेव्हा तो फार जवळचा वाटला. त्याला न्याय हवा होता हो, नुसता सूड नाही, आणि ग्रेव्हजच्या बॅगेत न्याय नसतो. दोन दिवसांनी त्याने पुढचा खंड मागितला, कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तर डीपीवाले गृहस्थ, मार्व्ह ठेवा खुशाल. पण तो शेवटी विजेच्या खुर्चीत बसतो, तिथपर्यंत वाचा आणि मग मर्दपणाचं बोला. आणि पहिल्या कमेंटवाल्या ताई, तुमच्यावर इतकी चिडलेली नाही. पण तुमच्या मनातही एखादं नाव असेलच, नाही का?